फ्रेजल व्हर्ब फ्रेंचमध्ये नेताना: आधी शेपूट बघा, मग क्रियापद

‘गिव्ह’ म्हणजे फ्रेंचमध्ये ‘दोने’ आणि ‘अप’ म्हणजे ‘आं ओ’, म्हणून ‘गिव्ह अप’चं ‘दोने आं ओ’ करायला कोणी जात नाही. एवढी ढोबळ चूक पहिल्या महिन्यातच सुटते. पण तीच चूक जरा बरे कपडे घालून वर्षानुवर्षं येत राहते. ‘वेट फॉर द बस’चं ‘आतांद्र पूर ल ब्युस’ होतं, ‘रन इनटू द हाउस’चं ‘कुरीर दां ला मेझों’ होतं, ‘कम डाउन’चं ‘देसांद्र आं बा’ होतं. तिन्ही ठिकाणी इंग्रजीचं शेपूट फ्रेंचमध्ये फरफटत आलंय.

शेपूट म्हणजे अप, आउट, ऑफ, बॅक, अक्रॉस हे क्रियापदामागे लागणारे छोटे शब्द. अशा शेपटासकट क्रियापदाला इंग्रजीत फ्रेजल व्हर्ब म्हणतात, फ्रेंच लोक ‘व्हेर्ब आ पार्तिक्युल’ म्हणतात. इंग्रजीची कामाची वाटणी अशी: हालचाल कशी झाली ते मूळ क्रियापद सांगतं आणि कुठे झाली ते शेपूट सांगतं. फ्रेंचमध्ये ‘कुठे’ हेच मुख्य क्रियापद असतं, ‘कसं’ हे मागाहून येतं किंवा येतच नाही. भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टाल्मी यांनी जगातल्या भाषांची जी विभागणी केली तिच्यात इंग्रजी आणि फ्रेंच नेमक्या यावरून वेगवेगळ्या गटांत पडतात.

मराठी माणसासाठी सोयीची गोष्ट ही की आपली भाषा इथे बरीचशी फ्रेंचच्या बाजूला आहे. ‘ही स्वॅम अक्रॉस द रिव्हर’ मराठीत सांगायचं तर ‘त्याने पोहून नदी ओलांडली’. ‘अक्रॉस’चं झालं ओलांडणं, ‘स्वॅम’चं झालं पोहून. फ्रेंच वाक्यही तसंच: ‘इल आ त्राव्हेर्से ला रिव्हिएर आ ला नाज’. म्हणून या लेखातली सगळी कृती एका सवयीवर उभी आहे. इंग्रजी वाक्य वाचलं की कोश उघडण्याआधी ते मनात मराठीत सांगून टाकायचं, शब्दाला शब्द नाही, घडलं काय ते. त्या मराठी वाक्यात मुख्य क्रियापद कोणतं आलं ते पाहायचं. बहुतेक वेळा फ्रेंचलाही तेच हवं असतं. मराठी जिथे फसवते त्या जागाही पुढे येतीलच.

फ्रेंच शब्द इथे कामापुरत्या उच्चारात दिले आहेत. न उच्चारली जाणारी अक्षरं देवनागरीत दिसत नाहीत, तेव्हा लिहिताना स्पेलिंग कोशातूनच घ्या.

शेपूट खरं की दिसायला

‘ही रॅन अप द हिल’ आणि ‘ही रॅन अप डेट्स’ ही दोन वाक्यं डोळ्यांना सारखी दिसतात. पहिल्यात तो टेकडी चढला, दुसऱ्यात कर्ज करून बसला. ओळखायची खूण सर्वनामात आहे. कर्मासाठी ‘देम’ किंवा ‘इट’ घालून पाहा. ‘रॅन देम अप’ असं मध्ये शिरता आलं तर ते जोडक्रियापद, अर्थ एकत्र शोधायचा: ‘इल आ आक्युम्युले दे देत’. सर्वनाम शेवटी ढकलावं लागलं, ‘रॅन अप इट’, तर ‘अप’ हा साधा दिशेचा शब्द: ‘इल आ मोंते ला कोलीन आं कुरां’.

तिसरा एक गट आहे, त्यात फार वेळ घालवायची गरज नाही, पाठ करून टाका. वेट फॉर, लुक फॉर, लुक अॅट, लिसन टू, आस्क फॉर, पे फॉर. फ्रेंचमध्ये यांची शेपटं गळून पडतात आणि थेट कर्म येतं: आतांद्र, शेर्शे, रगार्दे, एकुते, दमांदे, पेये. मराठीत आपण ‘बसची वाट पाहतो’, ‘गाणं ऐकतो’, ‘चहा मागतो’. मध्ये ‘साठी’ येत नाही, तसंच फ्रेंचमध्ये ‘पूर’ येत नाही.

आता उरलेल्या वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे शेपूट करतंय काय? दिशा दाखवतंय, काम पुरं झालं किंवा चालू राहिलं असं सांगतंय, की क्रियापदात विरघळून तिसराच अर्थ झालाय? तिन्हींचे रस्ते वेगळे.

दिशा दाखवणारं शेपूट

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात नियमित गट हा. शेपटाचं क्रियापद करा: इन म्हणजे आंत्रे, आउट म्हणजे सोर्तीर, अप म्हणजे मोंते, डाउन म्हणजे देसांद्र, अक्रॉस आणि थ्रू म्हणजे त्राव्हेर्से, अवे म्हणजे पार्तीर किंवा सेल्वान्ये. मग इंग्रजी क्रियापदाला मागच्या बाकावर बसवा. याला फ्रेंचमध्ये ‘शासे-क्र्वाझे’ म्हणतात. मूळ शब्द नाचातला, दोघांनी एकमेकांची जागा घ्यायची चाल. भाषांतराच्या संदर्भात तो व्हिने आणि दार्बेल्ने या भाषा-अभ्यासकांच्या जोडीने 1958 साली रूढ केला.

मागच्या बाकावर बसवायच्या दोन पद्धती. एक, ‘आं’ लावून क्रियापदाचं ‘-आं’ रूप: लंगडत आत आला, ‘इल ए आंत्रे आं ब्वातां’. दुसरी, ठरलेला शब्दसमूह: चवड्यांवर स्वयंपाकघर ओलांडलं, ‘एल आ त्राव्हेर्से ला क्विझीन स्युर ला प्वॅंत दे पिए’, चाचपडत जिना उतरला, ‘इल आ देसांद्यु लेस्कालिए आ तातों’. शब्दसमूह मिळत असेल तर तो घ्या, तो जास्त फ्रेंच वाटतो. ‘किक द डोअर ओपन’ हेही याच साच्यातलं. आपण म्हणतो ‘लाथ मारून दार उघडलं’, फ्रेंच म्हणतात ‘उव्हरीर ला पोर्त दॅं कु द पिए’.

तिसरी पद्धत नवशिके विसरतात: ‘कसं’ सरळ टाकून द्यायचं. ‘शी वॉक्ड इनटू द रूम’चं ‘एल ए आंत्रे दां ला पिएस’ पुरे. शेवटी ‘आं मार्शां’ जोडलंत तर वाचक विचारेल, मग चालत नाही तर काय सरपटत येणार होती? पक्षी खोलीत शिरला तर ‘आं व्होलां’ नको, पक्षी उडतच येतो. जे गृहीत आहे ते गाळायचं. लंगडणं, धावणं, चाचपडणं गृहीत नाही, ते ठेवायचं. काही फ्रेंच क्रियापदांत दोन्ही अर्थ आधीच भरलेले असतात: सांव्होले म्हणजे उडून जाणं, सांफ्वीर म्हणजे पळून जाणं, देव्हाले म्हणजे धडाधड उतरणं. तिथे मागे काही जोडूच नका.

आता मराठी जिथे दगा देते त्या तीन जागा.

पहिली: ‘तो घरात पळाला’ म्हटलं की आपल्याला तो बाहेरून आत गेला असं कळतं. फ्रेंच ‘इल आ कुरू दां ला मेझों’ वाचणाऱ्याला मात्र तो घरातल्या घरात धावत होता असं वाटेल. उंबरठा ओलांडायचा असेल तर ‘आंत्रे’ लागतंच: ‘इल ए आंत्रे दां ला मेझों आं कुरां’. उंबरठा नसेल, नुसतं एका ठिकाणापर्यंत धावणं असेल, तर ‘कुरीर’ मुख्य जागी चालतं: ‘इल आ कुरू जुस्का ला गार’, स्टेशनपर्यंत धावला.

दुसरी: आपण बिनदिक्कत ‘खाली उतर’, ‘वर चढ’, ‘बाहेर निघ’ म्हणतो. ‘देसांद्र आं बा’, ‘मोंते आं ओ’, ‘सोर्तीर दओर’ फ्रेंच लोकांच्याही तोंडी येतं, पण लिखाणात ते पुनरुक्तीचं पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. परीक्षेत लाल रेघ, ग्राहकाच्या मजकुरात नाचक्की.

तिसरी सर्वांत चिवट: आपलं ‘-ऊन’. ‘पोहून ओलांडली’मधलं ‘-ऊन’ रीत सांगतं, पण ‘जेवून गेला’मधलं ‘-ऊन’ क्रम सांगतं. फ्रेंचमधलं ‘आं’ आणि ‘-आं’ हे आपल्या ‘पळत’, ‘हसत’सारखं आहे, दोन्ही क्रिया एकाच वेळी. ‘जेवून गेला’चं ‘इल ए पार्ती आं मांजां’ केलंत तर तो तोंडात घास घेऊन निघाला. क्रम असेल तर ‘आप्रे आव्ह्वार मांजे’, किंवा दोन क्रियापदं ‘ए’ने, म्हणजे ‘आणि’ने, जोडा. ‘ही गॉट अप अँड वॉक्ड आउट’, उठून निघून गेला: ‘इल से लव्हे ए इल ए सोर्ती’.

‘बॅक’ला वेगळी वागणूक. ते बहुधा फ्रेंच क्रियापदाच्या पुढे ‘र’ होऊन चिकटतं: कॉल बॅक म्हणजे रापले, सेंड बॅक म्हणजे रांव्हाये, ब्रिंग बॅक म्हणजे रापोर्ते, पे बॅक म्हणजे रांबुर्से. गिव्ह बॅक म्हणजे रांद्र. परत येणं रव्हनीर, परत जाणं रतुर्ने, घरी परतणं रांत्रे. यातला पहिला फरक मराठी माणसाला चुकत नाही कारण ‘ये’ आणि ‘जा’ आपणही वेगळे ठेवतो. ‘रांत्रे’ मात्र सुटून जातं. कॅनडात न्यू ब्रन्सविकमधल्या मॉंक्टनच्या आसपास शियाक नावाची बोली आहे, तिथे इंग्रजी ‘बॅक’ फ्रेंच क्रियापदामागे सरळ लावतात. ऐकायला गंमत आहे, प्रमाण फ्रेंचमध्ये चालणार नाही.

पुरेपणा सांगणारं शेपूट

‘ईट अप’मधलं ‘अप’ वर जात नाही, ताट संपवतं. ‘हिअर मी आउट’मधलं ‘आउट’ शेवटापर्यंत नेतं. मराठीत हे काम टाकणे, घेणे, जाणे ही सहायक क्रियापदं करतात: खाऊन टाक, ऐकून घे, जळून गेलं. मराठी वाक्यात असं जोडक्रियापद आलं की बहुतेक वेळा समजा, शेपूट दिशेचं नाही.

फ्रेंचमध्ये या टाकणे-घेणेला जोडीदार नाही. तिथे तीन मार्ग आहेत. मुळातच ‘संपवणं’ या अर्थाचं क्रियापद घ्यायचं: ‘फिनी तों नास्येत’, ताटलीतलं संपव, ‘ओं ना फिनी ल स्युक्र’, साखर संपवली. नाहीतर क्रियाविशेषण जोडायचं: ‘एकुत म्वा जुस्को बु’, शेवटपर्यंत ऐक, ‘ला मेझों आ आंत्येरमां ब्र्युले’, घर जळून गेलं, जळून खाकच झालं असेल तर ‘रेद्वीत आं सांद्र’. नाहीतर चालू राहण्याचं क्रियापद पुढे आणायचं: ‘रीड ऑन’ म्हणजे ‘कोंतिन्युए आ लीर’. ‘स्टार्ट ओव्हर’ला पुन्हा तोच ‘र’: रकोमांसे.

उठणं-बसणं-झोपणं या गटात शेपूट गळतं पण त्याच्या जागी ‘स’, म्हणजे ‘स्वतःला’ अशा अर्थाचं सर्वनाम, येतो. गेट अप स लव्हे, सिट डाउन सास्वार, लाय डाउन सालोंजे, वेक अप स रेव्हेये, काम डाउन स काल्मे, हरी अप स देपेशे. भूतकाळात या सगळ्यांना ‘एत्र’ (असणे) हे सहायक क्रियापद लागतं: ‘ज म स्वी लव्हे’. इथली चूक अर्थाची नसते, ‘स’ विसरण्याची असते. ‘जे लव्हे’ म्हटलं की समोरचा विचारतो, काय उचललंस?

विरघळलेलं शेपूट

इथे शेपटावर नजर ठेवून काही मिळत नाही, नजर कर्मावर हवी. ‘गिव्ह अप’ घ्या. कोशात आठ-दहा प्रतिशब्द असतात आणि लोक पहिला उचलतात. त्याऐवजी विचारा: काय सोडलं?

सवय सोडली असेल तर आरेते द: ‘इल आ आरेते द फ्युमे’, सिगरेट सोडली. हाती घेतलेलं अर्ध्यावर सोडलं तर आबांदोने: ‘एल आ आबांदोने से झेत्युद’. नाद सोडला, मग गोष्ट सुरू झालेली असो वा नसो, तर रनोंसे आ: ‘इल आ रनोंसे आ स प्रोजे’. पोलिसांना शरण गेला तर स रांद्र: ‘ल व्होलर से रांद्यु’. बसमध्ये आजींना जागा दिली तर सेदे: ‘इल आ सेदे सा प्लास’. कोडं सुटलं नाही तर ‘ज दोन मा लांग ओ शा’, शब्दशः आपली जीभ मांजराला देतो. आणि ‘डोन्ट गिव्ह अप’ असा धीर द्यायचा असेल तर आबांदोनेही चालतं, पण खास फ्रेंच वळण वेगळं: ‘न बेस पा ले ब्रा’. आपण हात टेकतो, फ्रेंच माणूस हात खाली सोडतो.

म्हणजे सात संदर्भ, सात क्रियापदं, आणि प्रत्येक वेळी निर्णय कर्माने किंवा कर्त्याने घेतला. ‘टेक ऑफ’ही तसंच: विमान असेल तर देकोले, कोट असेल तर आंलव्हे, कोणी गुपचूप सटकला असेल तर फिले. ‘टर्न डाउन’ आवाजाचं असेल तर बेसे, प्रस्तावाचं असेल तर रफ्युझे. ‘पिक अप’ला जरा जपून. जमिनीवरचं उचलणं रामासे, मुलाला शाळेतून आणणं आले शेर्शे, फोन उचलणं देक्रोशे. बारमध्ये अनोळखी बाईला पटवणं मात्र द्रागे. पाहुण्यांना विमानतळावरून ‘पिक अप’ करायचंय अशा ईमेलमध्ये हा शेवटचा शब्द गेला तर खुलासा करताना नाकी नऊ येतील.

कोश वापरायची पद्धतही यातूनच ठरते. कॉलिन्स-रॉबेर या इंग्रजी-फ्रेंच कोशात फ्रेजल व्हर्ब्ज मूळ क्रियापदाच्या नोंदीच्या शेवटी स्वतंत्र येतात आणि प्रत्येक अर्थासोबत कंसात कर्ता किंवा कर्म सुचवलेलं असतं: विमान, कपडे, सवय. प्रतिशब्दाआधी तो कंस वाचा. मग निवडलेलं क्रियापद फ्रेंच-फ्रेंच कोशात उलट तपासा, दोन गोष्टींसाठी: ते कुठल्या कर्मासोबत वावरतं, आणि त्यामागे ‘आ’ येतं, ‘द’ येतं की काहीच नाही.

क्रियापद मिळालं, तरी काम संपलेलं नाही

इंग्रजीत शब्दामागे काय लागतं यावरून फ्रेंचमध्ये काय लागेल ते सांगता येत नाही. लुक आफ्टर म्हणजे सोक्युपे द, डू विदाउट म्हणजे स पासे द, गेट रिड ऑफ म्हणजे स देबारासे द. या ‘द’ आणि ‘आ’चा हिशेब सर्वनामाच्या वेळी चुकता करावा लागतो. ‘द’ असेल तर आं, ‘आ’ असेल तर ई: ‘ज मां नोक्युप’, मी ते बघतो, ‘जी ए रनोंसे’, मी त्याचा नाद सोडला. माणूस असेल तर पुन्हा वेगळं, ‘ज मोक्युप देल’, मी तिच्याकडे बघतो. क्रियापद पाठ करताना त्याचा ‘आ’ किंवा ‘द’ सोबतच पाठ करा, नंतर चिकटवू म्हटलं की राहून जातं.

सहायक क्रियापद ही दुसरी जागा. मोंते, देसांद्र, सोर्तीर, रांत्रे यांना थेट कर्म नसेल तर ‘एत्र’, असेल तर ‘आव्ह्वार’, मग ते कर्म हलवलेलं सामान असो की उतरलेला जिना. ती वर गेली, ‘एल ए मोंते’. तिने बॅगा वर नेल्या, ‘एल आ मोंते ले व्हालीझ’. ‘टेक आउट द ट्रॅश’चं ‘जे सोर्ती ले पुबेल’, तिथे ‘ज स्वी’ म्हटलं तर वाक्य कोसळतं.

तिसरी जागा भाषेच्या पोताची. इंग्रजीत फ्रेजल व्हर्ब घरगुती आणि त्याचा लॅटिन जुळा भाऊ कार्यालयीन: पुट आउट आणि एक्स्टिंग्विश, गो डाउन आणि डिसेंड. फ्रेंचमध्ये एतॅंद्र, देसांद्र हेच रोजचे शब्द आहेत. वापरताना जड होईल का ही भीती नको. इंग्रजी जुळा आठवला की फ्रेंच शब्द अनेकदा समोर येतो, ही युक्ती चांगली आहे, पण निम्म्या वाटेवर खड्डे आहेत. टेक अप अगेन म्हणजे रिझ्यूम म्हणून ‘रेझ्युमे’ लिहू नका, त्याचा अर्थ सारांश सांगणं. हवं ते रप्रांद्र. आस्क फॉरचं दमांदे बरोबर, पण त्यात डिमांडचा जोर नाही, तो हवा तर एक्झिजे. ‘क्विट स्मोकिंग’ला किते चालत नाही, ते माणूस किंवा जागा सोडणं. व्यावसायिक पत्राच्या शेवटचं ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ क्रियापदाने भाषांतरित करायला जाऊच नका, तिथे ठरलेली ओळ आहे: ‘दां लातांत द व्होत्र रेपोंस’. आणि मजकूर पॅरिसला जाणार की मॉंट्रियलला ते आधी विचारा. ‘फॉल इन लव्ह’ फ्रान्समध्ये तोंबे आमुरअ, क्वेबेकमध्ये सर्रास तोंबे आं नामुर.

एक परिच्छेद, जवळून

‘शी रॅन अप टू हर रूम, लुक्ड अप द नंबर अँड कॉल्ड हिम बॅक. बट ही हॅड ऑलरेडी टेकन ऑफ. ही हॅड पुट हर ऑफ ट्वाइस दॅट वीक, अँड शी वॉजन्ट गोइंग टू पुट अप विथ इट एनी लाँगर.’

आधी मराठी: ती पळत वर खोलीत गेली, नंबर शोधला आणि त्याला उलट फोन केला. पण तो केव्हाच सटकला होता. त्या आठवड्यात त्याने तिला दोनदा टोलवलं होतं आणि आता ती हे खपवून घेणार नव्हती.

फ्रेंच: ‘एल ए मोंते दां सा शांब्र आं कुरां, आ शेर्शे ल न्युमेरो ए ला रापले. मे इल आव्हे देजा फिले. इल आव्हे रपोर्ते लर रांदेव्हू द फ्वा सेत स्मेन ला, ए एल नाव्हे पा लॅंतांस्यों द स्युपोर्ते सा प्ल्यु लोंतां.’

‘रॅन अप टू हर रूम’ दिशेचं, म्हणून मोंते पुढे आणि आं कुरां मागे. इथे फक्त ‘रॅन अप टू हर’ असतं तर जिना नाही, जवळ येणं झालं असतं, ‘साप्रोशे आं कुरां’. मोंतेला एत्रचं ‘ए’ लागलं आणि शेर्शेला आव्ह्वारचं ‘आ’, म्हणून सहायक क्रियापद दुसऱ्यांदा लिहावंच लागलं, ते वाचवता येत नाही. लिहिताना मोंतेच्या शेवटी स्त्रीलिंगी ‘ई’ अक्षर वाढतं. ऐकू येत नाही म्हणून तेच सर्वांत जास्त विसरलं जातं.

‘पुट हर ऑफ’ला मराठी आणि इंग्रजी एका बाजूला गेल्या. दोन्हींत माणूस टोलवता येतो. फ्रेंच रपोर्ते फक्त गोष्ट पुढे ढकलतं, बैठक, भेट, तारीख. ‘ला रपोर्ते’ लिहिलं असतं तर त्याने तिलाच पुढच्या सोमवारी ढकललं असतं. म्हणून इंग्रजीत नसलेली भेट, ‘लर रांदेव्हू’, आणावी लागली. संदर्भात भेट नसून पैसे असते तर तिथे पैसे आले असते. ही भर नाही, फ्रेंच क्रियापदाची अट आहे.

आणि शेवटचं ‘इट’. ‘ल स्युपोर्ते’ लिहिलं तर व्याकरण बिनचूक, पण ‘ल’ म्हणजे ‘ते’ही आणि ‘त्याला’ही. आधीच्या दोन वाक्यांत तोच माणूस कर्ता आहे, त्यामुळे फ्रेंच वाचक सरळ ‘त्याला खपवून घेणार नव्हती’ असं वाचेल, आणि ती नातंच तोडायला निघालीय असं त्याला वाटेल. मूळ इंग्रजीत तिचा राग टोलवाटोलवीवर आहे. ‘सा’, म्हणजे ‘हे’, लिहिल्याने तो तिथेच राहतो.